हिमनदीच्या भरावरची पोयट्याची जमीन आणि आपली काळी जमीन : दोन प्रश्नांना उत्तर

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याच्या एका शेतकऱ्याने, त्यांच्या पुतण्याने अमेरिकेतील आयोवा राज्यातून पाठवलेला तिकडच्या एका मक्याच्या शेताचा माती अहवाल आमच्याकडे दिला आहे. अहवालावर ‘क्लॅरियन लोम’ असे जमिनीचे नाव असून त्याखाली ‘फाइन-लोमी, मिक्स्ड, सुपरअ‍ॅक्टिव्ह, मेसिक टिपिक हॅप्लुडॉल्स’ असे लांबलचक वर्गीकरण दिलेले आहे. ही जमीन नेमकी कशी असते, आपल्या काळ्या जमिनीत वाळू किंवा मुरूम मिसळून ती तशी करता येईल का, आणि तिकडे टाकतात तसा चुना आपणही टाकावा का, असे त्यांनी विचारले आहे. पाटोद्याकडील दुसऱ्या एका शेतकऱ्याचा प्रश्न उलट बाजूचा आहे: मुरमाड, हलक्या जमिनीत तलावाचा गाळ टाकल्यास ती पोयट्याची होईल का? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्याने त्यांना एकत्र उत्तर देत आहे.

मध्य आयोवातील ही जमीन कशापासून तयार झाली, हे आधी पाहू. शेवटच्या हिमयुगात उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागावर बर्फाचे जाड थर पसरले होते आणि त्यांचा एक फाटा आजच्या डी मॉइन शहराच्या जागेपर्यंत उतरला होता. सरकताना या बर्फाने खालचा खडक खरवडला, भरडला आणि सोबत ओढून नेला. सुमारे १२ ते १५ हजार वर्षांपूर्वी वितळून मागे हटताना त्याने ते सगळे जागच्या जागी टाकले. वाहते पाणी गोटे एकीकडे, वाळू दुसरीकडे आणि बारीक गाळ तिसरीकडे टाकते, वारा फक्त हलके कण उचलतो. बर्फ मात्र काहीच निवडत नाही. त्यामुळे या भरात, ज्याला शास्त्रात ‘टिल’ म्हणतात, चिकणमातीपासून डोक्याएवढ्या धोंड्यापर्यंत सर्व आकारांचे कण एकत्र सापडतात. तिकडच्या शेतकऱ्याला अजूनही शेतातले दगड वेचावे लागतात, कारण हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि खालचा दगड हळूहळू वर ढकलते. भरडलेल्या खडकात चुनखडीचाही वाटा असल्याने खालच्या थरात चुना असतो, वरच्या थरातून मात्र तो पाण्याबरोबर धुऊन गेलेला आहे.

अशा मिश्र भरातून जी माती तयार झाली, तिच्यात वाळू, पोयटा (वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कण) आणि चिकणमाती या तिन्ही कणांचा मेळ बसला. लोम, म्हणजे पोयट्याची जमीन, हे नाव रंगावरून किंवा कसावरून पडत नसून केवळ कणांच्या प्रमाणावरून पडते: चिकणमाती ७ ते २७ टक्के, पोयटा २८ ते ५० टक्के आणि वाळू ५२ टक्क्यांपर्यंत. तेव्हा ‘लोम म्हणजे उत्तम जमीन’ हा समज सोडून द्यावा. कर्ब संपलेली, थर उथळ असलेली पोयट्याची जमीनही निकृष्ट असू शकते.

महाराष्ट्रात हिमनदीचा भर मुळीच नाही, असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ बर्फाने घासून ओरखडे पाडलेला खडक आणि त्यावरचा गोट्यांचा थर आहे. त्याची नोंद १८७५ सालीच झालेली आहे. पण तो थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याचा कधीच दगड झाला आहे. मराठवाड्याची जमीन त्यानंतर पुष्कळ काळाने, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाच्या बेसाल्ट खडकापासून आलेली आहे, आणि तिच्याशी हिमनदीचा काहीही संबंध नाही.

आता वर्गीकरणाचे नाव. ते सातबाऱ्याप्रमाणे वाचावे. त्यातला प्रत्येक रकाना वेगळी माहिती देतो. ‘हॅप्लुडॉल्स’च्या शेवटचा ‘ऑल’ हा मॉलिसॉल या गटाचा आहे, म्हणजे उंच गवताच्या मुळांनी हजारो वर्षे कर्ब साठवून काळसर, भुसभुशीत व कॅल्शियमसारख्या क्षारकांनी समृद्ध केलेला जाड वरचा थर. मधला ‘उड’ सांगतो की वर्षातील बहुतेक काळ मातीत ओल टिकते. ‘मेसिक’ म्हणजे मातीचे वार्षिक सरासरी तापमान ८ ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, ‘मिक्स्ड’ म्हणजे कोणत्याही एका खनिजाचे वर्चस्व नसणे, ‘सुपरअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे चिकणमातीची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता जास्त असणे, आणि ‘फाइन-लोमी’ म्हणजे पिकाच्या मुळांच्या मुख्य थरात १८ ते ३५ टक्के चिकणमाती.

याच पद्धतीने आपल्या गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीचे नाव बहुधा ‘फाइन, स्मेक्टिटिक, हायपरथर्मिक टिपिक हॅप्लस्टर्ट्स’ असे येते. येथे ‘अर्ट’ हा व्हर्टिसॉलचा, म्हणजे फुगणाऱ्या व भेगाळणाऱ्या मातीचा गट आहे. ‘उस्ट’ म्हणजे हंगामापुरती ओल, ‘स्मेक्टिटिक’ म्हणजे पाणी पिऊन फुगणारे खनिज, आणि ‘हायपरथर्मिक’ म्हणजे २२ अंशांच्या वरचे तापमान. मध्यम खोलीच्या जमिनी ‘व्हर्टिक हॅप्लस्टेप्ट्स’मध्ये आणि बालाघाटाच्या माळावरील उथळ मुरमाड जमिनी ‘उस्टॉर्थेंट्स’मध्ये मोडतात. एकाच शिवारात, नाल्याकाठपासून माळापर्यंत चालत गेल्यास, हे तिन्ही वर्ग भेटतात.

यात विचार करण्यासारखी गोष्ट पावसाची आहे. मध्य आयोवाचा आणि परभणीचा वार्षिक पाऊस जवळपास सारखाच, ८०० ते ९०० मिलिमीटरच्या आसपास आहे. परंतु तिकडे तो वर्षभर विभागून पडतो आणि थंडीत जमीन गोठलेली असते. आपल्याकडे तो चार महिन्यांत पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत जमीन भाजून निघते. उष्णतेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून उडून जातात. म्हणूनच तिकडच्या अहवालात सेंद्रिय पदार्थ तीन-चार टक्के दिसतात, तर आपल्या मृदा आरोग्य पत्रिकांवर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास अडकलेला असतो. दोन्ही आकडे ताडून पाहताना लक्षात ठेवावे की सेंद्रिय पदार्थांपैकी कर्ब साधारण ५८ टक्के असतो. तरीही फरक मोठाच राहतो, आणि तो शेतकऱ्याच्या आळसाने पडलेला नाही.

वाळू मिसळण्याचा हिशेब मी आकड्यांतच मांडतो. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ढोबळमानाने ८५० टन माती असते. तीत ५५ टक्के चिकणमाती असेल, तर ते प्रमाण २७ टक्क्यांवर आणण्यासाठी सुमारे ८८० टन स्वच्छ वाळू, म्हणजे जवळपास २०० ब्रास, एका एकरात टाकून खालपर्यंत सारखी मिसळावी लागेल. शेतातल्या मातीपेक्षा वाळूच जास्त! इतकी वाळू मिळणार नाही, परवडणार नाही, आणि दहा-वीस ब्रास टाकून काहीही साधत नाही. चिकणमाती वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या भरून टाकते आणि ढेकूळ आणखी टणक होते. मुरमाचेही तेच. तेव्हा सेलूच्या शेतकऱ्याने हा विचार पूर्णपणे सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाटोद्याचा हिशेब मात्र आटोक्यातला आहे. हलक्या जमिनीत १२ टक्के चिकणमाती असून ती २० टक्क्यांवर न्यायची असेल आणि गाळात ५० टक्के चिकणमाती असेल, तर एकरी सुमारे २२५ टन, म्हणजे ६५ ते ७० ब्रास गाळ लागतो. तो पसरल्यावर थर पाच सेंटिमीटरच्या आत बसतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत विभागून टाकता येतो. राज्यात २०१७ पासून सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा खरा उपयोग अशाच जमिनींना आहे. गाळ उचलण्यापूर्वी त्याचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासून घ्यावी, कारण चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, पट्ट्यातून वाहून आलेला गाळ चांगल्या जमिनीचा निचरा बिघडवतो. गाळ टाकल्यानंतर तो वखराच्या पाळीने वरच्या थरात मिसळावा, नुसता पसरून ठेवू नये. आणि भारी काळ्या जमिनीत, शेजाऱ्याने टाकला म्हणून, गाळ मुळीच टाकू नये.

चुन्याचे उत्तर थोडक्यात देतो. तिकडे वरच्या थरातला चुना धुऊन गेल्याने आणि नत्रखतांमुळे माती आम्ल होत जाते, म्हणून चुना टाकतात. आपल्या जमिनींचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ असून चुनखडीचे खडे नांगराबरोबर वर येतात. चुना टाकू नये. या चुनखडीमुळेच आपल्याकडे जस्त व लोह पिकाला कमी मिळते. माती तपासणीत जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भागाच्या) खाली आल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. जिप्सम फक्त चोपण जमिनीसाठी, तेही तपासणीनंतर.

तिकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र नक्की आहे, आणि ती म्हणजे निचरा. क्लॅरियन ही चढावरची, निचऱ्याची जमीन. तिच्याच शेजारच्या सखल भागात, त्याच टिलवर, ‘वेबस्टर’ नावाची पाणी धरणारी जमीन असते. तिच्यात सुमारे मीटरभर खोल सच्छिद्र नळ्या पुरून शेतकऱ्यांनी पाणी काढून दिले, तेव्हा कुठे ती मक्याला योग्य झाली. आपली काळी माती ओली झाली की पाणी मुरण्याचा वेग तासाला अर्धा सेंटिमीटरही राहत नाही. वाफसा येईपर्यंत सोयाबीन पिवळे पडते. येथे बीबीएफ यंत्राने रुंद वरंबा-सरीवर पेरणी करावी, ते शक्य नसल्यास सोयाबीनच्या दर चार ओळींनंतर चर काढावा, आणि शेताच्या उताराच्या टोकाला ते पाणी बाहेर पडण्यास वाट ठेवावी. वाट नसलेले चर म्हणजे नुसते तुंबलेले पाणी.

आपली जमीन कोणत्या वर्गात बसते, हे अदमासाने ठरवण्यासाठी पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात, शेताच्या मध्यभागी तीन फूट खोल खड्डा घ्यावा. दीड-दोन फुटांखाली फावड्याने ढेकूळ उकलल्यावर तिरपे, घासून चकाकलेले पृष्ठभाग दिसले, तर ती फुगणारी काळी जमीन आहे; फुटभरातच मुरूम लागला, तर ती उथळ जमीन आहे आणि तिच्यात कापूस लावण्याचा आग्रह धरू नये. वरच्या मातीची मूठभर कणीक मळून अंगठा व तर्जनीमध्ये दाबत तिची फीत काढावी: एका इंचाच्या आत तुटली तर पोयट्याची, दोन इंचांच्या पुढे गेली तर चिकणमातीची जमीन. मोबाइलवर दाखवतात ती बाटलीत माती हलवून थर मोजण्याची पद्धत काळ्या मातीसाठी भरवशाची नाही, कारण चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात आणि पोयट्याच्या थरात मोजले जातात.

मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून बारा घटक येतात. त्यांत वाळू, पोयटा व चिकणमातीचे प्रमाण नसते, जमिनीची खोलीही नसते. ज्यांना गाळाचा हिशेब नेमका करायचा आहे त्यांनी शेतातील मातीचा आणि गाळाचा, असे दोन वेगळे नमुने न्यावेत, प्रत्येकी अर्धा किलो, सावलीत वाळवून. प्रयोगशाळेत अर्ज भरतानाच कणांच्या पृथक्करणाची स्वतंत्र मागणी नोंदवावी, आणि खड्ड्यात मोजलेली खोली पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहावी.