अर्ज मुलीचा, शब्द वडिलांचे

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. मुलीला बारावी कला शाखेत ७४ टक्के मिळाले. तिला बीएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदवी) करायचे आहे. माझी हरकत नाही, कारण अभ्यासक्रम सोपा असतो व सोबत एमपीएससीची तयारी होते, असे सहकारी सांगतात. प्रवेश अर्जासोबतचे निवेदन मी तयार करून दिले आहे, ते तपासावे. फरक कळावा म्हणून तिचा मूळ मसुदाही जोडत आहे. हजेरीची सक्ती नसलेले एखादे कॉलेज सुचवावे. तसेच या क्षेत्रात पुढे पगार किती मिळतो, तेही कळवावे. – एक पालक

उत्तर :

सर,

मूळ मसुदा जोडलात, हे फार बरं केलंत. तो नसता तर मी तुमचं निवेदन वाचून 'छान आहे' असं कळवलं असतं आणि तुमच्या मुलीचं नुकसान करून बसले असते.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. तुमचा सुरू होतो तो असा : 'बालपणापासूनच दीनदुबळ्यांचे अश्रू पुसण्याची मला ओढ आहे.' या वाक्याची आणि माझी जुनी ओळख आहे. काही वर्षं मी एका कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखतींना बाहेरची सदस्य म्हणून बसत असे. निम्म्या अर्जांत कुणाला ना कुणाला बालपणापासून ही ओढ असायचीच. 'कुणाचे अश्रू, कधी पुसलेत?' असं विचारलं की पोरं खाली बघायची. बिचारी बघणारच, वाक्य त्यांचं नसायचंच.

आता तिचा कागद. आजीचं खुब्याचं हाड मोडलं आणि सरकारी रुग्णालयात ती १९ दिवस आजीपाशी राहिली, एवढी साधी सुरुवात आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची शस्त्रक्रिया अडून राहिली होती. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, म्हणून जन आरोग्य योजनेच्या खिडकीवरून कागद परत आले होते. तुमची मुलगी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात त्या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे, दोनदा जाऊन आली. तिसऱ्या खेपेला मात्र त्या बाईंच्या मुलाला सोबत घेऊन गेली, आणि पुढे लिहिते : 'दर वेळी मीच बोलले तर आम्हाला डिस्चार्ज मिळाल्यावर त्याला काहीच करता येणार नाही.'

या वाक्यावर तुमच्या लाल पेनाची रेघ आहे. समासात लिहिलंय, 'घरचं आजारपण नको. करुणा दिसू दे.'

सर, माणसाला खिडकीपर्यंत सोबत करायची पण बोलायचं त्याने, हे समाजकार्याच्या वर्गात शिकवायला पहिलं वर्ष जातं. काहींना तर पदवी हातात पडेपर्यंत उमगत नाही. तुमच्या मुलीला ते रुग्णालयाच्या व्हरांड्यात आपसूक कळलं. आणि ते तुम्ही खोडलंत.

दुसरी रेघ आणखी खाली आहे. 'एकदा एका आजोबांवर मी चिडून बोलले. रात्री वाईट वाटलं. सकाळी बोलायला गेले, पण ते माझ्याशी बोलले नाहीत.' तिथे तुमचा शेरा, 'नकारात्मक. काढावे.' मी मुलाखतीला बसले असते तर नेमकं इथेच थांबले असते. आपल्या हातून चुकलं, माफी मागायला गेलो आणि ती मिळाली नाही, हे अठराव्या वर्षी कागदावर मांडणारी मुलगी मला रोज भेटत नाही.

तुम्ही हे वाईट हेतूने केलंत, असं मी मुळीच म्हणणार नाही. दुसऱ्याचं लिखाण सुधारणं हा तुमचा रोजचा धर्म, हात आपोआप चालला असेल. पण त्या कागदावरून मला घर दिसलं. मुलगी काहीतरी सांगू पाहते आणि ते सांगून व्हायच्या आत सुधारलं जातं. 'माझी हरकत नाही' असं तुम्ही लिहिलंय खरं, पण पुढच्याच वाक्यात हरकत नसण्याचं कारण येतं, आणि त्या कारणात ती कुठेच नाही. अभ्यासक्रम सोपा, एमपीएससीला सोयीचा! म्हणजे तिने निवडलेलं शिक्षण तुमच्या लेखी प्रतीक्षालय आहे, गाडी यायची दुसऱ्याच फलाटावर. हे तिला माहीत आहे का? मला वाटतं, आहे.

मुलाखतीतला एक प्रसंग सांगते. एक विद्यार्थिनी प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल घेऊन आली होती. रक्तदान शिबिर, फळवाटप, स्वच्छता अभियान, सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत नीट लावलेलं. शेजारच्या सदस्यांनी सहज विचारलं, 'फळं वाटली त्यातल्या कुणाशी काही बोलणं झालं?' तिने फाइल उघडली. उत्तर पाकिटात सापडेल अशा आशेने ती पानं उलटत राहिली. वडील बाहेर बाकावर बसले होते, फाइल त्यांनीच लावली होती. त्या दिवशी मला तिच्यापेक्षा त्या वडिलांचा राग आला, आणि अजून तो पुरता गेलेला नाही. तेव्हा माझ्या उत्तरात थोडा तिखटपणा आला असेल तर त्याचा काही भाग त्यांच्या वाट्याचा समजा.

आता 'सोपा अभ्यासक्रम'. हा गैरसमज एकट्या तुमच्या सहकाऱ्यांचा नाही. समाजकार्य म्हणजे समाजसेवा आणि समाजसेवेला काय, मन चांगलं असलं की झालं, अशी एकूण समजूत. तेवढ्यावर भागलं असतं तर १९३६ साली मुंबईत नागपाड्याला त्यासाठी वेगळी शाळा काढावी लागली नसती. सर दोराबजी टाटांच्या नावाने निघालेली तीच संस्था आज टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. मुंबई पोलिसांकडे १९८४ साली सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आणि १९९६ साली सुरू झालेली मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन, दोन्ही तिथल्याच प्रकल्पांतून उभ्या राहिल्या. बीएसडब्ल्यूला पुस्तकी विषय असतात, ते पाठ करून कुणीही पास होईल. खरी परीक्षा फील्डवर्कची. आठवड्यातले साधारण दोन दिवस मुलं एजन्सीत असतात : वस्ती, रुग्णालय, निरीक्षणगृह, शाळा, कुठेही. त्यात स्वतंत्र पास व्हावं लागतं. परत आल्यावर रेकॉर्डिंग लिहायचं, म्हणजे समोरची व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, मला काय वाटलं, हे सगळं. मग आयसीत, म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी अशा दोघांच्याच बैठकीत, शिक्षक ते वाचणार. एका रेकॉर्डिंगमध्ये 'बाई आळशी आहेत, मुलाला शाळेत पाठवत नाहीत' असं लिहिलेलं मी पाहिलंय. शिक्षिकेने त्यावर काट मारली नव्हती, समासात फक्त विचारलं होतं, 'हे तुला कसं कळलं?' पुढच्या आठवड्याच्या रेकॉर्डिंगमध्ये कळलं की त्या बाई रात्रपाळीला जातात. लाल पेन असंही वापरता येतं.

हजेरीची सक्ती नसलेलं कॉलेज शोधलंत तर सापडेलही. तिथे फील्डवर्क कागदावर होतं, मागच्या वर्षीच्या मुलांचे अहवाल नाव बदलून फिरतात. पदवी मिळते. पण पुढे एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, मुलाखतीत कुणी 'एजन्सीत पहिल्या दिवशी काय केलंस?' असं विचारलं की दोन मिनिटांत उघडं पडतं. मी नाव सुचवणार नाही.

आणि खरोखरच स्पर्धा परीक्षाच हवी असेल तर बीएसडब्ल्यू करूच नका, हे स्पष्ट सांगते. कोणत्याही शाखेची पदवी त्यासाठी चालते. इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन बीए केलं तर वाचलेलं थेट उपयोगी पडेल. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत समाजशास्त्र आहे, मानववंशशास्त्र आहे, समाजकार्य नाही. फील्डवर्कचे दोन दिवस, रेकॉर्डिंगच्या रात्री आणि वर क्लास, असं तिन्ही धरणारी मुलं मी पाहिली आहेत. बहुतेकांचं तिन्ही अर्धवट राहिलं.

प्रवेशाचं थोडक्यात : कोणत्याही शाखेची बारावी चालते, राज्यातली बरीच कॉलेजं बारावीच्या गुणांवर घेतात, काही मुलाखतही घेतात; टिससारख्या ठिकाणी पदवीला जायचं तर सीयूईटी ही केंद्रीय प्रवेश परीक्षा. तारखा त्या त्या संकेतस्थळावर बघा.

पगाराचं विचारलंत, ते योग्यच केलंत. वडिलांनी विचारू नये तर कोणी विचारावं? सुरुवात बेताची असते. नुसत्या बीएसडब्ल्यूवर स्वयंसेवी संस्थांत क्षेत्र कार्यकर्ता, समन्वयक अशी कामं मिळतात, आणि सरकारी योजनांतली बरीच पदं ११ महिन्यांच्या कंत्राटावर असतात. बरी पदं, म्हणजे रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवक, समुपदेशक, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागातलं काम, यांना बहुतेक ठिकाणी एमएसडब्ल्यू मागतात. मानसोपचाराकडे वळायचं तर त्याच्याही पुढे शिकावं लागतं. म्हणजे पाच वर्षांचा हिशेब धरा, तीन वर्षांचा नको. तेवढी तयारी घरात नसेल तर आजच बोला, तिसऱ्या वर्षाला बोलू नका.

एका गोष्टीकडे परत येते, कारण ती मला सोडत नाही. या व्यवसायात लिहिलेल्या शब्दाला वजन असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या एखाद्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे आणलं की परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घरात कोण आहे, शाळा कधी सुटली, का सुटली, कमावतं कोण. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि मुलाचं पुढे काय करायचं हे ठरवताना तो कागद त्यांच्यासमोर असतो. त्या अहवालातून कुणी 'घरचं आजारपण नको' म्हणून आईचं आजारपण वगळलं, तर मूल कामाला का जुंपलं गेलं हेच मंडळाला कळणार नाही. ज्या मुलीने हे अहवाल लिहायचे, तिच्या पहिल्याच निवेदनात दुसऱ्याचे शब्द असावेत?

इथून पुढचं पत्र मुलीला द्या. कृपया आधी वाचून सुधारू नका.

बाळ, तुझाच मसुदा पाठव. फक्त शेवटचा परिच्छेद काढून टाक. 'मी सर्वांना मदत करीन' हे तुझ्या बाकीच्या लिखाणाशी जुळत नाही. ती तर बाबांच्या वळणाची भाषा, त्यांनी न सांगता तू स्वतःच आणलेली. त्याऐवजी त्या बाईंचं पुढे काय झालं ते लिही. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही. आजोबांचा प्रसंग ठेव, पण तू का चिडलीस हे त्यात नाही. मुलाखतीत तेच विचारतील, म्हणून आधी स्वतःला विचारून ठेव. आणि ज्यांच्याबद्दल लिहितेस त्यांची नावं घालू नकोस. तू घातलेली नाहीस हे मी पाहिलं, तरीही सांगून ठेवते.

अर्ज भरण्याआधी एक काम कर. त्याच रुग्णालयात समाजसेवा विभाग असेल. मुंबईत जे. जे. रुग्णालयात असं पहिलं पद १९४६ साली निर्माण झालं. आज मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे लोक असतात, पण पेशंटच्या नातेवाइकांना खोली माहीत नसते. त्यांना भेट, अर्धा तास माग. कामाचं कौतुक विचारू नकोस. दिवसातला किती वेळ कागदात जातो, घरी गेल्यावर काय डोक्यात राहतं, नोकरी सोडावीशी कधी वाटली, हे विचार. ऐकून तुझा उत्साह मावळला तर तेही कामाचंच, एक वर्ष वाचेल.

कॉलेज बघायला गेलीस की इमारत बघून परत येऊ नकोस. तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलीला गाठ. एजन्सी कोणत्या, एका शिक्षकाकडे किती मुलं, आयसी खरंच होते की नुसती सही होते, जाण्यायेण्याचा खर्च कोण करतं. तिने तिची रेकॉर्डिंगची वही दाखवली आणि समासात शिक्षकाचे प्रश्न दिसले, तर ते कॉलेज चांगलं. समास कोरे असतील तर पुढचं बघ.

एमपीएससीचं बाबांशी तूच बोल. तुला ती परीक्षा द्यायचीच असेल तर तसं सांग, त्यात कमीपणा काही नाही, मग रस्ता वेगळा घे. द्यायची नसेल तर तेही आत्ताच सांग. तिसऱ्या खेपेला त्या मुलाला खिडकीपाशी उभं केलंस ना? तसंच.

आणि सर, तुम्हाला एक काम उरतंय. तिच्या मसुद्यात 'शस्त्रक्रिया' दोन ठिकाणी चुकीचं पडलंय आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चार-पाच चुका आहेत. त्या तेवढ्या दुरुस्त करून द्या. पेन्सिलने.