भविष्य दिसतं, मग तोंड का पाडलेलं?

प्रश्न: 'ड्यून' या विज्ञान कादंबरीतल्या पॉलला पुढचं सगळं दिसतं ना, मग तो कायम सुतकी चेहऱ्याने का फिरतो?

उत्तर: अहो दिसतं, पण थांबवता कुठे येतं! फ्रँक हर्बर्टने १९६५ मध्ये हा हिरो दिला आणि १९६९ च्या दुसऱ्या भागात स्वतःच त्याची हवा काढली. तिथे सम्राट झालेले पॉलसाहेब आपल्या नावाने झालेल्या युद्धाचा स्वतः हिशोब देतात, ६१ अब्ज मेले, ९० ग्रह उजाड, आणि आव असा की अन्याय यांच्यावरच झालाय. डोळे जातात तरी आधी पाहिलेलं भविष्य आठवून समोरच्याकडे बरोब्बर बघतो, म्हणजे घरात कुणी सरप्राइज द्यायची सोयच नाही. (प्रेयसीला जुळं होणार हे मात्र दिसलं नाही, घ्या आता!)

पोरगा तर त्याच्याही वरचढ. लेटो दुसरा अर्धा अळी होऊन साडेतीन हजार वर्षं गादी अडवून बसतो, सगळं आधीच माहीत म्हणून प्रचंड बोअर होतो, येईल त्याला लेक्चर देतो आणि शेवटी भविष्यात दिसणारच नाहीत अशी माणसं स्वतःच पैदा करवून घेतो. मधेमधे बापाच्या काळातला मेलेला शिलेदार डंकन पुन्हा पुन्हा नवा बनवून मागवतो, आणि त्यातले बरेच जण यालाच मारायला उठतात. तरी पुढची ऑर्डर चालूच.