भाऊजींच्या हॉलमधला फोटो

प्रश्न : ताई, माझा मुलगा सेकंड इयरला आहे. गॅदरिंगला त्याने नऊवारी नेसून नथ घालून लावणी केली आणि कुणीतरी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. झालं, मोठ्या दिरांनी लिहिलं, घराण्याची लाज काढली. गंमत म्हणजे त्यांच्याच हॉलमध्ये बालगंधर्वांचा शालू नेसलेला फोटो फ्रेम करून लावलाय! काय बोलू त्यांना?
– एक आई, सातारा

उत्तर : अहो उत्तर त्यांच्याच भिंतीवर टांगलंय की! फोटोतले ते नारायण श्रीपाद राजहंस, १९११ ला 'मानापमान' नाटकात भामिनी झाले, १९१६ ला 'स्वयंवर' नाटकात रुक्मिणी, आणि नाटक बघून बायका घरी जाऊन तसाच पदर घ्यायच्या, तसेच केस बांधायच्या. म्हणजे ज्याला आपण 'कसं बाईसारखं' म्हणतो त्यातलं थोडंफार बायकांनी एका पुरुषाकडे बघून उचललंय.

पण भाऊजींना 'पूर्वी समाज किती मोकळा होता' असलं काही ऐकवायला जाऊ नका, हराल. तेव्हा घरंदाज बाईने स्टेजवर जायचं नाही म्हणून पुरुष उभे राहायचे. सिनेमातही तेच, दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, आणि १९१७ च्या लंकादहनमध्ये तर राम पण तेच आणि सीता पण तेच!

मला विचाराल तर भाऊजींना साडी खटकलेली नाहीये, लावणी खटकलीये. गंधर्वांनी रंगवल्या त्या खानदानी नायिका, त्या हॉलमध्ये शोभतात. तमाशातला नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष, हा शब्द मात्र आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. गणपत पाटलांनी सिनेमात इतके नाच्ये केले की घरी बायकोपोरं असलेल्या त्या माणसाला लोक खऱ्या आयुष्यातही तसंच समजायचे. बाईसारखे हावभाव दोघांनी केले पण एकाला फ्रेम मिळाली आणि दुसऱ्याला टोमणे, हे कसं काय ते भाऊजींना विचारा, ग्रुपवर नको, घरी चहा पिताना.

पुण्याला आलात तर त्यांना बालगंधर्व रंगमंदिरात घेऊन जा. देऊसकरांनी काढलेली गंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत तिथे, एक बाईच्या वेषातलं, एक पुरुषाच्या. दोन्हीसमोर उभं करा आणि तुम्ही गप्प बसा.

आणि हो, काष्टा त्याने स्वतः घातला का हो? मला अजून धड जमत नाही.