ह्यांचा पासवर्ड मला का नाही आला?

"घरातलं माणूस गेलं, त्याचा लॅपटॉप उघडत नाही, काय करू?" या प्रश्नासाठी खरं तर दुरुस्तीवाल्याकडे जायचं. मी समुपदेशक, तरी माझ्यासमोरच्या खुर्चीत तो वरचेवर येऊन बसतो.

कोथरूडच्या एका काकूंची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून. यजमान जाऊन दोन महिने झालेले. काका सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे मेंटेनन्सचा हिशोब, एफडींची यादी, राजगड-तोरण्याचे फोटो, सगळं त्यांच्या लॅपटॉपमध्ये. सोसायटीवाले हिशोबासाठी दारात, आणि परदेशातला मुलगा फोनवर म्हणतो, "आई, फॉरमॅट मारून घे आणि वापर."

काकूंनी पर्समधून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागच्या बाजूला सगळे अंदाज लिहून खोडलेले. लग्नाची तारीख, मुलांचे वाढदिवस, जुन्या चेतकचा नंबर. सगळ्यात खाली बारीक अक्षरात स्वतःचं नाव, आणि ते दोनदा खोडलेलं.

"चार वेळा चुकलं की तो म्हणतो, ए-वन-बी-टू-सी-थ्री टाइप करा. मला वाटलं ह्यांनीच काही खूण ठेवलीय. रात्रभर विचार करत बसले."

ती विंडोजची ठरावीक ओळ. चुकीचा पिन पुन्हापुन्हा पडला की कुणाच्याही मशीनवर येते. मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. सांगायची घाई केली, असं मला आजही वाटतं.

मग बोलल्या. "एक्केचाळीस वर्षं एका घरात काढली हो. ह्यांच्या मनात काय होतं, तेवढंही मला ओळखता येऊ नये?"

पासवर्ड म्हणजे माणसाच्या काळजाची किल्ली, असं आपल्याला उगाच वाटतं. मी विचारलं, "तुमच्या फोनचा पिन काय?"

"पंचवीस-ऐंशी. बोट सरळ वरून खाली येतं म्हणून."

"त्यात काका कुठे आहेत?"

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. (तो पिन त्याच दिवशी बदलायला लावला.)

यानंतर व्यवहाराचं बोलता आलं. दुःखात घरचे दोन गोष्टी घाईने करतात आणि दोन्ही नडतात. पहिली म्हणजे सिम बंद करणं. लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेला असेल, तर "पिन विसरलो" म्हटल्यावर येणारा कोड बहुधा त्याच नंबरवर किंवा मेलवर येतो. न वापरलेलं प्रीपेड सिम ९० दिवसांनी बंद होऊ शकतं, म्हणून कामं उरकेपर्यंत त्यात रिचार्ज असू द्यावा. काकूंनी ते तेराव्यानंतर लगेच बंद करून टाकलेलं. दुसरी घाई फॉरमॅटची. फॉरमॅटने मशीन सुरू होतं, पण ज्यासाठी ते उघडायचं तेच जातं.

मधला रस्ता असतो. पिनच्या वाटेला न जाता लॅपटॉपमधली डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि फाइली उतरवून घ्यायच्या. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कुलपाने, बंद असेल तर मात्र हे चालत नाही. तिथे ते उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती काकांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असू शकते, नाहीतर कागदावर छापून एखाद्या फाइलला लावलेली. मेलचं प्रकरण आणखी वेगळं. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलकडे वारसांना अर्ज करता येतो, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो, आणि पासवर्ड ते तरीही देत नाहीत.

आणि लॅपटॉप एकट्या काकूंचा नव्हता. मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको आणि मुलांबरोबर आईचाही वाटा येतो. काकूंच्या सासूबाई हयात. कोर्टकचेरीचा प्रश्न नव्हता, पण मी म्हटलं, उघडण्याआधी सगळ्यांच्या कानावर घाला आणि काय शोधायचं ते आधी कागदावर लिहा. रात्री एकटीने बसून नवऱ्याचं एकेक फोल्डर चाळणं मला या काळात बरं वाटत नाही. काही वाईट सापडेल म्हणून नव्हे, साध्या ओळीचेही नको ते अर्थ लागतात म्हणून. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, "मला त्याचे फोटो मोठे करून द्या."

लेकीला घेऊन काकू तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेल्या. दुकानदार आधी म्हणालाच, "फॉरमॅट मारून देतो, अर्ध्या तासात." काकूंनी यादीचा कागद पुढे केला. मशीन जुनं, डिस्कला कुलूप नव्हतं. त्यांच्यासमोरच हिशोब, एफडींची यादी आणि फोटो पेन ड्राइव्हवर आले. डिस्क परत आत बसली. "पिन पण उडवून देऊ का?" असं त्याने विचारलं, तर काकू नको म्हणाल्या. का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या भेटीला आल्या त्या तणतणतच. सोसायटीच्या हिशोबात पंच्याऐंशी रुपयांचा घोळ निघाला होता. "मला किराण्याच्या वहीवरून बोलायचे! चहाचे पैसे दोनदा लिहून ठेवलेत बघा." पाच मिनिटं त्या काकांवर करवादत होत्या. मी मध्ये बोलले नाही. त्यानंतरची भेट आम्ही आठवड्याऐवजी महिन्याने ठेवली.