आज कुठे उतरणार?

"वर्ष झालं मुंबईत येऊन, अजून रुळले नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्यात येतो. बदल्या, नव्या नेमणुका, प्रवेश, सगळं जूनच्या आसपास होतं. आणि पहिलं वर्ष "होईल सवय" म्हणण्यात जातं. त्यामुळे माणसं येतात ती पुढच्या पावसाळ्यात. त्यातलाच हा एक अनुभव. जिचा आहे तिची परवानगी आहे. ओळख पटेल असं जे होतं ते काढलं आहे किंवा बदललं आहे.

ती ग्रंथपाल. वय चौतीस, लग्न केलेलं नाही, गाव वाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या मराठी विश्वकोशाचं गाव असल्याने "आमच्याकडे पुस्तकवाल्यांना मान असतो," हे तिने पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. मुंबईतल्या एका शिक्षणसंस्थेने तिला चार शाखांच्या ग्रंथालयांसाठी नेमलं होतं: दादर, गोरेगाव, वाशी, ऐरोली. जुन्या दाखल नोंदवह्या संगणकावर आणायच्या, बारकोड लावायचे, हरवलेली पुस्तकं शोधायची. राहायला मुलुंड पूर्वेला वन आरके. कुठल्या दिवशी कुठल्या शाखेत जायचं याचा मेसेज शनिवारी संध्याकाळी यायचा. तोवर ती वाईच्या एसटीत बसलेली असायची.

हो, दर शनिवारी वाई. रविवारी आईच्या हातचं जेवण, घाटावर एक चक्कर, रात्रीची गाडी, सोमवारी पहाटे मुलुंड, आंघोळ करून कामावर. वर्षभर. मी विचारलं, तिथे बरं वाटतं का? ती म्हणाली, "दुपारी तीनपर्यंत. मग परत निघायचं डोक्यात सुरू होतं. आणि आता मैत्रिणीही म्हणतात, तू काय, पाहुणी." दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण तिनेच उच्चारली, मी नाही.

असं कुणी आलं की मी लगेच एकटेपणावर बोलायला बसत नाही. आधी झोप, भूक, पाळी, वजन, कामात चुका होतात का, पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का, आणि सरळ शब्दांत, जगणं नको असं वाटतं का. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीपासून असला तर सांगायला वाट मिळते. दोन आठवडे जवळजवळ रोज मन खाली असेल, कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर ते "रुळणं" या खात्यात टाकायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत किंवा रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हिला मी रक्ततपासणीही करायला सांगितली, कारण थायरॉईड किंवा बी-१२ची कमतरताही माणसाला असंच मलूल करते. रिपोर्ट ठीक आले. झोप ठीक होती. पुस्तक हातात आलं की डोळे चमकायचे. नैराश्याचं चित्र नव्हतं. तरी रोज ट्रेनमधून उतरताना घशाशी काहीतरी यायचं.

मी तिला घरी भरायला एक काम दिलं: रोज रात्री लिहायचं, आज कामापलीकडे कुणाशी चार वाक्यं बोलले. ती पुढच्या वेळी कॅटलॉगची जुनी कार्डं घेऊन आली, वरच्या कोपऱ्यात तारीख, खाली नोंदी, अगदी शिस्तीत. चौदा कार्डांतली नऊ कोरी. उरलेल्या पाचांतल्या तीनांवर "आई (फोन)". आईला फोनवर काय सांगते विचारलं तर "मजेत आहे म्हणून सांगते."

आता माझी चूक. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. एक जिव्हाळ्याच्या एखाद्या माणसाची उणीव, दुसरा ओळखीपाळखीच्या गोतावळ्याची उणीव. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. आई फोनवर होती, म्हणजे पहिलं काही अंशी होतं, दुसरं शून्य. इथवर माझं निदान बरोबर होतं. त्यावर उपाय म्हणून मी तिला सांगितलं, एखाद्या कार्यक्रमाला जा, वाचकगटात जा, माणसं भेटतील. समुपदेशक हे फार सहज सांगून मोकळे होतात.

ती गेली. एका वाचकगटाच्या बैठकीला गेली, तिथे सगळे एकमेकांना पंधरा वर्षं ओळखणारे. तिने तीन वाक्यं बोलली आणि चहा न घेता निघाली. एका रविवारी वाई टाळून फोर्टात गेली, १८३३ साली बांधून झालेल्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसली. आत एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह, ग्रंथपालाला याहून पवित्र जागा कुठली! पण पायऱ्यांवर लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी तीन जोडपी होती, आणि प्रत्येक जोडप्याचा फोटोग्राफर तिला "मॅडम, जरा बाजूला" म्हणत होता. ती तीनदा सरकली आणि मग उठली. "डॉक्टर," ती म्हणाली (मी डॉक्टर नाही, हे तिला किती वेळा सांगितलं), "माझा तर पत्ताच नाही या गावात. फोटोतसुद्धा नको आहे मी."

त्या दिवशी मी सल्ला देणं थांबवलं आणि तिच्या कामाबद्दल विचारलं. ग्रंथालयात पहिल्यांदा येणारा बुजरा माणूस, त्याचं तुम्ही काय करता?

ती सरळ होऊन बसली. वाईच्या वाचनालयात तिने सात वर्षं काढली होती. "काही करत नाही. पेपर वाचायला आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी सभासदत्वाचा फॉर्म देत नाही. तो पळतो. त्याची खुर्ची ठरू द्यायची. त्याला आवडणारा पेपर त्या टेबलावर ठेवायचा. महिनाभराने तोच विचारतो, ताई, कादंबऱ्या कुठे असतात? अट एकच, मी रोज त्याच काउंटरला दिसले पाहिजे. रोज नवा माणूस काउंटरला बसला तर तो कधीच विचारत नाही."

मी काही बोलले नाही. तीही थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी रोज नव्या काउंटरला असते."

खरं तर एवढंच होतं. हिच्या स्वभावात खोट नव्हती आणि मुंबईकर माणूसघाणे नव्हते. वाईत वाण्यापासून पुजाऱ्यापर्यंत जी माणसं तिला ओळखायची त्यांच्याशी तिने मैत्री "केली" नव्हती. ती रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने जायची, बस्स. इथे सोमवारी दादर, तर पुढच्या सोमवारी वाशी. आज साडेसातची गाडी, उद्या नऊची. कुठलाच चेहरा दुसऱ्यांदा दिसायची सोय नव्हती, आणि दिसण्याची शक्यता असलेला रविवार ती इथून उचलून नेत होती. फिरतीची नोकरी करणाऱ्या पुष्कळांचं हेच होतं. औषध कंपन्यांचे एमआर, ऑडिटवाले, शाखा तपासायला फिरणारे बँकवाले. त्यांना सगळं शहर माहीत असतं आणि शहरात त्यांना कुणी ओळखत नाही.

मग आम्ही कागदावर मुलुंड मध्यभागी ठेवून रेघा काढल्या. दादर सरळ. गोरेगावला ती घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी आणि पुढे पश्चिम रेल्वे अशी जायची. वाशीला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जायची, पण कुर्ल्याला उतरून हार्बरनेही जाता येतं. म्हणजे तीन शाखांसाठी पहिली गाडी एकच चालत होती: पावणेआठच्या सुमाराची, ठाण्याहून सुटणारी स्लो. स्लोला वेळ जास्त लागतो, पण ठाण्यानंतर मुलुंडच असल्याने निदान उभं राहायला नीट जागा मिळते. फक्त ऐरोली उलट्या दिशेला, बसने. ठरलं ते इतकंच, की गाडी तीच, मधला लेडीज डबा तोच, दारही तेच. कुणाशी बोलायचं काम दिलं नाही. मुद्दाम.

त्याआधी एक अवघड गोष्ट होती, प्राचार्यांकडे ठरलेले वार मागणं. ही कामाची मागणी आहे, मनाचे लाड नाहीत, हे तिला पटायला दोन भेटी गेल्या. आम्ही खोलीत तालीम केली. मी प्राचार्य झाले आणि फार वाईट वागले. तिने शेवटी सांगितलं ते असं: "वार ठरले तर प्रत्येक शाखेतल्या शिपायाला आधी कपाटं उघडून ठेवता येतील, माझा पहिला तास वाया जाणार नाही." मंजूर झालं, ऐरोली सोडून. ऐरोलीचा बुधवार आजही कधी शनिवारी सरकतो.

वाईचंही बोललो. एक शनिवार आड जायचं ठरलं. आईला ते लागलं. "तिकडे कुणी भेटलं का?" असं तिने वेगळ्याच अर्थाने विचारलं, आणि पंधरा दिवस फोनवर आवाज रुसका होता. हे होणारच. ज्या घरातून आपण निघतो त्या घरालाही नव्याने रुळावं लागतं, आणि ते घर काही समुपदेशकाकडे येत नाही.

पहिले पाच आठवडे कार्डं कोरीच. मी धास्तावले होते, खोटं कशाला सांगू. सहाव्या आठवड्यात एका कार्डावर एक ओळ: "कुठे उतरणार?"

मुंबईच्या बायकांना हे समजावून सांगायला नको. लेडीज डब्यात चढलं की बसलेलीला विचारायचं, कुठे उतरणार, आणि तिची सीट आपल्या नावावर लावून ठेवायची. हिला सीट मिळाली की चौथ्या सीटवरची, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला टेकलेली, एक बाई रोज विचारायची. सोमवारी उत्तर दादर, मंगळवारी घाटकोपर, गुरुवारी कुर्ला. असं विचारण्याच्या तिसऱ्या आठवड्यात ती बाई वैतागली. "अगं, नक्की कुठे उतरतेस तू? आमचा सगळा हिशोब चुकवतेस!" डबा हसला. मग तिला सांगावंच लागलं की ती काय करते, आणि त्यातून निघालं की समोर बसणाऱ्या एकीच्या मुलीला ग्रंथालयशास्त्राला प्रवेश घ्यायचाय. त्यानंतर रोज ती चढली की कुणीतरी ओरडायचं, "आज दादर की कुर्ला?"

नोव्हेंबरात तिला ताप आला, तीन दिवस गाडी चुकली. चौथ्या दिवशी डब्यात झाडाझडती झाली: कुठे होतीस, नंबर का दिला नाहीस, फोन तरी करायचा. हे तिने मला जाता जाता सांगितलं, पिशवीत किल्ली शोधताना, जणू सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्याच महिन्यात घराजवळच्या एका वाचनालयात तिने नाव घातलं. आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या अलीकडे उभी राहिली आणि पहिलंच पुस्तक उशिरा परत करून दंड भरला. दंडाची पावती नीट लिहिली नव्हती, यावरून तिथल्या ग्रंथपालाशी तिचा वादही झाला. आता दोघी चहा घेतात.

भेटी आम्ही महिन्यावर आणल्या. जानेवारीत आली तेव्हा हातात प्लास्टिकचा छोटा डबा होता, झाकणावर गुलाबी फुलं. ट्रेनच्या लेडीज डब्यातलं हळदीकुंकू झालं होतं, भांडुप ते विक्रोळीच्या दरम्यान, उभ्या-उभ्या. वाईत असती तर लग्न न झालेल्या बाईला कुणी बोलावलं नसतं, असं ती म्हणाली; इथे कुणी विचारलं नाही, तिळगूळ आणि वाण हातात कोंबलं. तिला पुढच्या वर्षी काय लुटायचं याची आतापासून काळजी होती. बायका दहा, कमाल बजेट पाचशे.

तिळगूळ माझ्या टेबलावर ठेवून ती कार्डं चाळत म्हणाली, "बुधवारच्या बसचं मात्र अजून काही जमलेलं नाही. कंडक्टरसुद्धा रोज वेगळा असतो."