ओहायोतल्या ‘द रिजेस’च्या दफनभूमीत खरंच भुताटकी आहे का? बघायला जावं का?

जरूर जा, पण दिवसाउजेडी. भुतासाठी जाणार असाल तर हात हलवत परत याल.

अथेन्स गावातलं हे मनोरुग्णालय 1874 मध्ये सुरू झालं, 1993 मध्ये बंद पडलं. आता जागा ओहायो विद्यापीठाची आहे, मुख्य इमारतीत कलासंग्रहालय आहे. टेकडीवरच्या दफनभूमींत मिळून सुमारे 1,900 रुग्ण पुरलेत. घरच्यांनी ताब्यात न घेतलेली ही माणसं. बऱ्याच दगडांवर नाव नाही, तारीख नाही, नुसता आकडा. खाली वाकून शेवाळातून तो वाचताना पोटात कालवतं ते भुतापायी नव्हे. त्यात अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले सैनिकही आहेत.

दगडांचं एक वर्तुळ आहे, तिथे चेटकिणी जमतात वगैरे कंड्या कॉलेजची पोरं पिकवतात. दर वर्षी नवी बॅच, नवा मसाला! खरं काम केलं ते स्थानिक स्वयंसेवकांनी: पडलेले दगड उभे केले, जुन्या नोंदींवरून आकड्यांची नावं शोधली. जाण्याआधी त्या नोंदी चाळा, मग एखाद्या आकड्यापाशी थांबायला कारण मिळेल.

रिकाम्या इमारतींत घुसू नका, तो गुन्हा ठरतो. दगडांवर बसून फोटो नकोत. उन्हाळ्यात पूर्ण पँट घाला, गवतात गोचिडी असतात.