आधी माशाचं डोकं

प्रिय मित्रा,

तुमच्या फाउंड्रीतल्या रिजेक्शनवरचा तुझा फिशबोन (माशाच्या सांगाड्यासारखी आकृती: डोक्यात दोष, हाडांवर त्याची संभाव्य कारणं) पाहिला. सहा हाडं, ३१ कारणं आणि डोक्यात एकच शब्द: 'ब्लोहोल', म्हणजे ओतीव नगातली वायूची पोकळी. सुरुवात कुठून करू, असं विचारतोस. डोक्यापासून कर. डोकं इतकं सैल असलं की वाळूपासून हवामानापर्यंत सगळंच त्याला चिकटतं.

३० रिजेक्ट नग गोळा कर. त्यातले तीन-चार काप. पोकळीची भिंत गुळगुळीत, चकचकीत असेल तर गॅस. खरबरीत, काटेरी असेल तर ते श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडलेली पोकळी), आणि मग तुझा अख्खा कागद रद्द. पुढे कास्टिंगची, म्हणजे ओतीव नगाची, बाह्याकृती काढ आणि सापडलेल्या प्रत्येक भोकाचा ठिपका नेमक्या जागी दे, शिफ्टप्रमाणे वेगळ्या रंगात. ठिपके कोअरभोवती (नगात पोकळ जागा ठेवणारा वाळूचा गाभा) दाटले तर कोअरची व्हेंट, म्हणजे वायू बाहेर जायच्या वाटा, बुजली आहेत का, कोअरवरचा पेंट वाळलाय का, पावसाळ्यात कोअर रात्रभर उघड्यावर राहिला का, ते बघ. जेवणाच्या सुट्टीआधी बंद केलेले बॉक्स (वाळूचे साचे) सुट्टीनंतर ओतले जातात का, हेही बघ. अशा थांबलेल्या बॉक्समध्ये परतीची (पुन्हा वापरलेली) वाळू ५० अंशांच्या वर गरम असेल तर तिची वाफ थंड कोअरवर जाऊन पाणी होते. फक्त पहिल्याच बॉक्समध्ये दोष असेल तर बहुधा लॅडल (धातू ओतायचं भांडं) नीट तापवलेलं नाही.

आता डोकं लिही: 'दुसऱ्या शिफ्टमध्ये, सुट्टीनंतरच्या बॉक्समध्ये, कोप (साच्याच्या वरच्या) बाजूला, कोअरच्या वर, गुळगुळीत पोकळी.' बघ, निम्मी हाडं आपोआप गळतात. सहाही हाडं भरलीच पाहिजेत असा नियम नाही, हे मी थकेपर्यंत सांगत आलोय. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणू देत, सैल डोक्याच्या कागदावरून मोल्डिंग बदललं, वाळू बदलली, तरी रिजेक्शन तिथंच राहतं, आणि पैसा जातो तो जातोच.

'कामगाराचं दुर्लक्ष' हे कारण आजच खोड. त्याला काय दिसत नव्हतं, ते लिही. 'ओलावा जास्त' लिहिलंस, पण नमुना कुठला? वाळू उघड्या तसराळ्यातून लॅबपर्यंत नेलीस तर वाटेतच सुकते आणि आकडा कमी येतो. मोल्डिंग मशीनजवळून झाकणाच्या डब्यात घे; ५० ग्रॅम, १०५ ते ११० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत.

मग एकच गोष्ट बदल. १० बॉक्स बंद करून लगेच ओत, १० तसेच थांबव, दोन्हींवर खूण कर. थांबवलेल्यांतच भोकं आली, तर त्या हाडावर गोल कर. दोन्हींत आली, तर डोकं पुन्हा लिही आणि कागद मला पाठव.